नॅनोकण टाकले की वनस्पतीच्या पेशी जास्त औषध का बनवतात?

वनस्पतीच्या पेशी काचेच्या भांड्यात किंवा टाकीत वाढवायच्या, त्यांच्या द्रवात चांदीचे, झिंक ऑक्साइडचे किंवा कार्बनचे अतिसूक्ष्म कण अगदी थोडे सोडायचे आणि त्या पेशींकडून नेहमीपेक्षा जास्त औषधी द्रव्य बनवून घ्यायचं, अशी ही पद्धत आहे. वाचायला सोपी वाटते, आणि 'नॅनो' शब्द आल्यामुळे जरा भारीही वाटते. पण ते कण नेमकं करतात काय, आणि 'उत्पादन चौपट झालं' असं कुणी सांगितलं तर त्यावर किती विसंबायचं? हे समजायला थोडं मागून यावं लागतं. या लेखात मी मुख्यतः एकच औषध धरून चालतो: पॅक्लिटॅक्सेल, म्हणजेच टॅक्सॉल.

एका पेशंटमागे किती साल?

टॅक्सॉल हे अंडाशयाच्या, स्तनाच्या आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरवर शिरेतून दिलं जाणारं औषध. 1962 साली अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल गोळा केली. त्या सालीतलं द्रव्य वेगळं काढून त्याची रचना 1971 मध्ये प्रसिद्ध केली ती नॉर्थ कॅरोलिनातल्या मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांच्या गटाने. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. (आमच्या शाळेच्या पुस्तकांत हे नाव कधी दिसलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.) 1992 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

आता हिशेब बघा. वाळलेल्या सालीत टॅक्सॉलचं प्रमाण साधारण 0.01 टक्का. म्हणजे एक ग्रॅम औषध हवं असेल तर किमान 10 किलो साल, तीही काढताना काहीच वाया गेलं नाही असं धरून. एका पेशंटच्या पूर्ण उपचाराला दीड-दोन ग्रॅम औषध सहज लागतं. साल काढली की झाड मरतं, आणि यू हे अतिशय हळू वाढणारं झाड. एकेका पेशंटसाठी शंभर-शंभर वर्षांची काही झाडं पडणार, हे गणित कुठेच टिकण्यासारखं नव्हतं. मग युरोपियन यूच्या पानांतून एक अर्धवट तयार रेणू काढून तो प्रयोगशाळेत पूर्ण करायची पद्धत आली. पानं परत येतात, त्यामुळे झाड वाचतं. त्यानंतर ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीने थेट यूच्या पेशी टाक्यांत वाढवून टॅक्सॉल काढायला सुरुवात केली. या पद्धतीला 2004 मध्ये अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

हा प्रश्न फक्त अमेरिकेतल्या जंगलाचा नाही. वॉल आणि वाणी यांनीच 1966 मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य शोधलं होतं. टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं त्याच्यापासूनच बनतात. 1972 मध्ये मुंबईतल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी हेच द्रव्य सह्याद्रीतल्या एका झाडात सापडल्याचं दाखवलं. ते झाड म्हणजे नरक्या, घाणेरड्या वासामुळे हे नाव पडलेलं. नरक्याच्या चोरट्या तोडीच्या बातम्या सिंधुदुर्ग-कोल्हापूरच्या बाजूच्या पेपरांत तुम्ही वाचल्या असतील. त्या तोडीच्या मुळाशी हेच रसायन आहे. म्हणून टाकीतल्या पेशीने थोडं जास्त औषध बनवलं तर त्याचा फायदा कारखान्याच्या ताळेबंदापुरता राहत नाही.

टाकीतली पेशी

टिश्यू कल्चरची केळी आता गावोगावी माहीत आहेत. तिथे छोट्या तुकड्यापासून पूर्ण रोप बनवतात. इथे रोप नकोच आहे. पानाचा किंवा खोडाचा निर्जंतुक केलेला तुकडा साखर, क्षार आणि वाढीची संप्रेरकं असलेल्या जेलीवर ठेवला की काही आठवड्यांत त्याच्यावर पेशींचा एक ओबडधोबड गोळा येतो. त्याला कॅलस म्हणतात. ना पान, ना मूळ, नुसत्या वाढत जाणाऱ्या पेशी. तो गोळा पातळ माध्यमात टाकून शेकरवर हलवत ठेवला की पेशी सुट्या होऊन द्रवात तरंगतात. दर दोन-तीन आठवड्यांनी त्यातला थोडा भाग ताज्या माध्यमात घालायचा, दह्याच्या विरजणासारखा. सर्वांत जास्त वापरलं जाणारं माध्यम 1962 मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूच्या पेशींसाठी तयार केलं. लॅबमध्ये सगळे त्याला नुसतं 'एमएस' म्हणतात. नाव लक्षात ठेवा, पुढे त्याच्यातल्या मिठाचा संबंध येणार आहे.

इथपर्यंत सगळं छान चालतं. पेशी वाढतात, पण औषध बनवत नाहीत. किंवा इतकं कमी बनवतात की काढायचा खर्च निघत नाही.

कारण टॅक्सॉल झाडाच्या वाढीसाठी लागतच नाही. मिरचीचा तिखटपणा, हळदीचा पिवळेपणा, तंबाखूतलं निकोटिन यांच्यासारखंच तेही 'दुय्यम' द्रव्य. बुरशी, किडे, ऊन, दुष्काळ यांच्याशी लढताना झाडाला अशी द्रव्यं उपयोगी पडतात. ती बनवायला बराच कच्चा माल आणि ऊर्जा जाते, त्यामुळे गरज नसताना पेशी त्यावर खर्च करत नाही. आणि टाकीतल्या पेशीला कसली गरज? आयती साखर, 25 अंश तापमान, एकही बुरशी नाही. मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथल्या भाषेत सांगायचं तर संरक्षणाचा सगळा कोड पेशीत आहे, पण त्याला कॉल करणारं कोणी नाही.

म्हणून पेशींना खोटा धोका दाखवतात. असा धोका दाखवणाऱ्या पदार्थाला एलिसिटर म्हणतात. बुरशीच्या भिंतीचे तुकडे, यीस्टचा अर्क, कोळंबीच्या कवचापासून काढलेलं कायटोसन असे कितीतरी आहेत. यातला सगळ्यात जोरदार म्हणजे मिथाइल जॅस्मोनेट. जाई-चमेलीच्या अत्तरात असणारं हे रसायन झाडांत 'अळी लागली' असा निरोप पोहोचवतं. 1996 मध्ये जपानी संशोधकांनी यूच्या पेशींना ते देऊन टॅक्सॉल खूप वाढतं हे दाखवलं आणि तेव्हापासून जॅस्मोनेट हा या क्षेत्रातला मापदंड ठरला. नॅनोकणांची खरी स्पर्धा त्याच्याशी आहे. 'काहीच न दिलेल्या' पेशींना हरवणं तुलनेने सोपं आहे.

नॅनोकण आत शिरतात का?

साधारण 1 ते 100 नॅनोमीटर आकाराच्या कणाला नॅनोकण म्हणतात. आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून प्रमाण बघू. वनस्पतीची पेशी 40 मायक्रोमीटरची धरली आणि चांदीचा कण 20 नॅनोमीटरचा, तर पेशी कणाच्या 2000 पट मोठी. पेशी जर तीन मजली इमारतीएवढी असेल तर कण ज्वारीच्या दाण्याएवढा.

पण ज्वारीचा दाणा आरामात खिडकीतून आत जाईल अशी कल्पना करू नका. वनस्पतीच्या पेशीभोवती सेल्युलोजची भिंत असते आणि तिच्यातली भोकं साधारण काही नॅनोमीटरचीच. 20 नॅनोमीटरच्या कणासाठी ती भिंत म्हणजे घट्ट विणलेली गाळणी. काही कण आत पोहोचतात, पण बरेचसे बाहेरच चिकटून बसतात. गंमत म्हणजे काम व्हायला आत शिरायची गरजच नसते. दार ठोठावलं तरी घरातले जागे होतात.

ठोठावणं होतं ते पृष्ठभागामुळे. एक सेंटिमीटर बाजूच्या चांदीच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर. त्याचेच 10 नॅनोमीटरचे तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग 600 चौरस मीटर होतो. चांदी तेवढीच, पण आजूबाजूच्या द्रवाशी भिडणारी जागा दहा लाख पट. या पृष्ठभागावर रासायनिक क्रिया होतात, ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार होतात, हायड्रोजन पेरॉक्साइड वाढतं. पेशीच्या पडद्यातली कॅल्शियमची दारं उघडतात आणि कॅल्शियम आत घुसतं. पेशीसाठी हा जुना, ओळखीचा सिग्नल आहे, कारण बुरशीने हल्ला केला तरी असंच होतं. तिथून किनेज प्रथिनांची साखळी एकामागून एक चालू होते, पेशी स्वतःच जॅस्मोनेट बनवते, आणि शेवटी केंद्रकात औषध बनवणाऱ्या एन्झाइमांची जनुकं जागी होतात. थोडक्यात, नॅनोकण हे पेशीचं खाद्य नाही. तो चिमटा आहे.

चिमटा असल्यामुळे किती जोरात काढायचा यावर सगळं ठरतं. कमी मात्रेत पेशी दखल घेत नाही, जास्त मात्रेत मरते, मधल्या एका अरुंद पट्ट्यात औषध वाढतं. हा पट्टा प्रत्येक वनस्पतीसाठी, प्रत्येक कणासाठी, पेशींच्या वयानुसारसुद्धा वेगळा. इराणमधल्या संशोधकांनी हेझलनटच्या पेशींवर हे करून पाहिलं. (हेझलनटही टॅक्सॉल बनवतं आणि त्याच्या पेशी यूपेक्षा भराभर वाढतात.) लिटरला 5 मिलिग्रॅम चांदीचे नॅनोकण दिल्यावर 24 तासांत टॅक्सॉलचं प्रमाण साध्या पेशींच्या साडेतीन पटींहून वर गेलं. चीनमधल्या एका गटाने 2013 मध्ये मलेरियावरच्या आर्टेमिसिननसाठी आर्टेमिसिया वनस्पतीच्या केसाळ मुळांवर चांदी आणि सिलिका यांचे एकत्र कण वापरले, तिथे एकूण उत्पादन जवळपास चौपट झालं. कोरफडीच्या पेशींत अ‍ॅलॉइन वाढवण्याचेही प्रयोग झाले आहेत. यादी पुष्कळ लांबवता येईल, पण ती लांबवण्यापेक्षा एक प्रश्न विचारणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

कण की आयन?

चांदीचा नॅनोकण पाण्यात स्वस्थ बसत नाही. त्याचा पृष्ठभाग ऑक्सिजनमुळे हळूहळू विरघळतो आणि चांदीचे आयन बाहेर पडतात. आणि चांदीचा आयन वनस्पतींसाठी नवा नाही. इथिलीन हे फळं पिकवणारं, फुलं कोमेजवणारं संप्रेरक ज्या ग्राहक प्रथिनावर काम करतं, त्यात तांब्याचा एक आयन असतो. चांदी त्याची जागा घेते आणि इथिलीनचा निरोप तिथेच अडतो. कार्नेशनची फुलं जास्त दिवस ताजी राहावीत म्हणून फुलांच्या व्यवसायात चांदीचा थायोसल्फेट क्षार वापरत आले आहेत, तो याचसाठी. पेशीसंवर्धनातही साधं सिल्व्हर नायट्रेट नॅनो हा शब्द रुळायच्या आधीपासून वापरात आहे.

मग औषध वाढलं ते कणामुळे की त्यातून सुटलेल्या आयनामुळे? आयनामुळे असेल तर एवढा महागडा नॅनोकण कशाला, स्वस्तातलं सिल्व्हर नायट्रेट चिमूटभर टाकावं.

डीबगिंग करताना आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो, नाहीतर बग कशाने गेला ते कळत नाही. इथेही तेच. पेशींचा एक गट काहीही न देता ठेवायचा, एकाला नॅनोकण, एकाला तेवढ्याच विरघळलेल्या चांदीचं सिल्व्हर नायट्रेट, एकाला सेंट्रिफ्यूजमध्ये कण काढून टाकलेला नुसता वरचा द्रव, आणि एकाला कणावर जे आवरण असतं तेवढंच, चांदीशिवाय. एवढे गट असतील तरच उत्तर मिळतं. असे पेपर वाचताना मी निकालाच्या आलेखाआधी पद्धतीच्या भागात जाऊन हे गट शोधतो. फक्त 'कण दिले' आणि 'दिले नाहीत' एवढीच तुलना असेल तर कणांबद्दल फारसं काही सिद्ध झालेलं नसतं.

शेवटचा, आवरणाचा गट आपल्याकडे विशेष महत्त्वाचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 2004 च्या सुमारास कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यातून सोन्या-चांदीचे नॅनोकण बनवले गेले, आणि त्यानंतर तुळस, कोरफड, जे हाताला लागेल त्या पाल्याचा काढा वापरून 'हिरवे' नॅनोकण बनवण्याची देशभर लाट आली. बनवायला सोपे, स्वस्त, घातक रसायनं नकोत. पण अशा कणाभोवती त्या पाल्यातली रसायनं चिकटलेली असतात. ती रसायनंच पेशीला चेतवत असतील तर? काढा वेगळा दिल्याशिवाय हे सांगता येत नाही.

कण-आयन वादावरचा मला सगळ्यात आवडणारा प्रयोग औषधी वनस्पतीवरचा नाहीच, तो शैवालावरचा आहे. 2008 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी क्लॅमिडोमोनास नावाच्या हिरव्या शैवालाला चांदीचे कण आणि सिल्व्हर नायट्रेट दोन्ही देऊन प्रकाशसंश्लेषण किती मंदावतं ते मोजलं. मग सिस्टीन हे अमिनो आम्ल घातलं, जे चांदीच्या आयनाला पकडून ठेवतं. दोन्हीकडे विषारीपणा नाहीसा झाला. म्हणजे त्रास देणारा आयनच. पण दुसरी बाजूही निघाली: द्रवात मोकळा आयन जेवढा मोजला गेला, त्या मानाने कणांचा परिणाम बराच जास्त होता. शैवालाच्या सान्निध्यात कण आणखी आयन सोडत राहतो, असा त्यांनी अर्थ लावला.

मला हे ठिबक सिंचनासारखं वाटतं. सिल्व्हर नायट्रेट म्हणजे पाटाने सोडलेलं पाणी, सगळं एकदम. नॅनोकण म्हणजे मुळाशी लावलेला ड्रिपर. मुळापर्यंत शेवटी पाणीच जातं, पण कुठे आणि किती वेगाने जातं याने फरक पडतो. चांदीच्या बाबतीत नॅनोचा खरा उपयोग असेल तर तो इथे आहे, असं माझं मत. झिंक ऑक्साइडचंही असंच, तेही विरघळतं, आणि झिंक तर एमएस माध्यमात पोषणद्रव्य म्हणून आधीपासूनच असतं. कार्बनच्या नळ्या मात्र विरघळत नाहीत. 2012 मध्ये तंबाखूच्या पेशींची वाढ अशा नळ्यांनी निम्म्याहून जास्त वाढल्याचं दिसलं, त्याचं श्रेय आयनांना देता येत नाही. तिथे यंत्रणा वेगळी असणार. सगळ्या 'नॅनो'ला एकाच पोत्यात भरणं म्हणूनच चुकीचं.

आता ते मीठ. एमएस माध्यमात लिटरला 440 मिलिग्रॅम कॅल्शियम क्लोराइड असतं. 5 मिलिग्रॅम चांदीशी तुलना केली तर क्लोराइडचे आयन चांदीच्या अणूंपेक्षा शंभर पटींहून जास्त भरतात. चांदी आणि क्लोराइड भेटले की पांढरा साका, अकरावीच्या प्रॅक्टिकलमध्ये आपण तो बघितलेला आहे. शिवाय एवढ्या क्षारांत कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. बाटलीवर '20 नॅनोमीटर' लिहिलेला कण माध्यमात गेल्यावर तासाभराने 20 नॅनोमीटरचा उरला आहे का, हे माध्यमातच मोजावं लागतं. पाण्यात मोजून चालत नाही.

कशाच्या चौपट?

समजा, कणांमुळे एक ग्रॅम सुक्या पेशींमधलं औषध तिप्पट झालं. पण चिमट्यामुळे पेशींची वाढ खुंटली आणि टाकीत नेहमीच्या 40 टक्केच पेशी उरल्या. तीन गुणिले 0.4 म्हणजे 1.2. तिप्पटची बातमी, हातात 20 टक्के. म्हणून 'ग्रॅममागे किती' याऐवजी 'लिटरमागे, दिवसामागे किती' हा आकडा बघायचा. आधी पेशी भरपूर वाढू द्यायच्या आणि मग शेवटच्या काही दिवसांत एलिसिटर द्यायचा, ही दोन टप्प्यांची पद्धत याच कारणासाठी रूढ आहे. दुसरं म्हणजे मूळ पातळी. जी पेशी जवळजवळ काहीच बनवत नाही तिचं चौपट करणं आणि वर्षानुवर्षं निवडून काढलेल्या कारखान्यातल्या पेशींचं दीडपट करणं यांत दुसरं कितीतरी अवघड आणि उपयोगाचं.

फ्लास्कमधून टाकीत

प्रकाशित प्रयोगांतले बहुतेक फ्लास्कमधले, काहीशे मिलिलिटरचे. टॅक्सॉलसाठी वापरल्या गेलेल्या मोठ्या टाक्या 75,000 लिटरपर्यंतच्या आहेत. लिटरला 5 मिलिग्रॅमने तिथे चांदी लागेल 375 ग्रॅम. म्हणजे धातूची किंमत हा अडथळाच नाही. अडथळा आहे तो टाकलेली चांदी परत काढण्याचा. टॅक्सॉल शिरेतून जातं, आणि औषधांतल्या धातूंच्या अंशांवर जी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे तिच्या यादीत चांदी आहे. शिरेतून देण्याच्या औषधासाठी ती मर्यादा तोंडाने घ्यायच्या औषधापेक्षा कडक. शुद्धीकरणाच्या पायऱ्यांत बरीच चांदी आपोआप निघून जाईलही, पण प्रत्येक बॅचला ते मोजून सिद्ध करावं लागणार. जॅस्मोनेट हे सेंद्रिय द्रव्य, त्याच्यामागे धातूचा हा हिशेब लागत नाही.

उरलेलं पाणी कुठे जातं हेही बघावं लागतं. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातलं निम्मं काम जिवाणू करतात, आणि चांदी जिवाणूंनाच मारते. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू तर तिला फारच नाजूक. त्यामुळे कारखान्याला टाकीनंतर चांदी अडवणारी वेगळी पायरी बांधावी लागेल. यावर एक सरळ उपाय म्हणजे चांदीऐवजी लोहाच्या ऑक्साइडचे चुंबकीय कण घेणं. काम झालं की बाहेरून चुंबक लावून ते एका बाजूला ओढून घेता येतात. चिमटा मात्र चांदीएवढा जोरात बसतो का, हे पुन्हा प्रत्येक वनस्पतीच्या पेशींवर, वर सांगितलेले सगळे गट ठेवून, वेगळं मोजावं लागतं.